पंचाच्या छातीतलं यंत्र

तेल्हाऱ्याच्या कबड्डी स्पर्धेत मी भर मैदानात पडलो, हे खरं आहे. मी ते कधी नाकारलं नाही. पण "मास्तर उपाशी होते म्हणून पडले" असं जे आमच्या कॉलनीत सांगितलं जातं, ते साफ खोटं आहे. त्या दिवशी दोन भाकरी, वांग्याची भाजी आणि वर गंजभर ताक पिऊन मी घरून निघालो होतो. माझी पत्नी रुख्मिणी याला साक्षीदार आहे, कारण तिसरी भाकर तिनंच वाढू दिली नव्हती.

मी खुशालराव गावंडे. अकोल्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले, आता निवृत्त आहे. पण माझी खरी ओळख कबड्डीचा पंच ही. अकोला ते अमरावती या पट्ट्यात असं एक मैदान नसेल जिथल्या प्रेक्षकांनी मला शिव्या दिल्या नाहीत. पंचाची कीर्ती यावरूनच मोजतात.

तर तेल्हाऱ्याचा उपांत्य सामना. शेवटची मिनिटं, दोन्ही संघ बरोबरीत. चढाईपटूनं बोनस रेषेकडे पाय टाकला आणि मी निर्णय द्यायला हात वर केला. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा तोंडात माती होती, गळ्यात शिटी होती आणि नाकाला कोणाची तरी चप्पल लावलेली होती. नवी असती तरी एक वेळ चाललं असतं. वर चौदा खेळाडूंची डोकी, आणि त्यांचं भांडण चाललेलं.

"मास्तरनं हात वर केला म्हंजे बोनस देल्ला!"

"देल्ला कुठी? ते पडून राहिले होते!"

"पह्यले मास्तरले उठू तं द्या!"

"उठतीन ते. पह्यले पॉइंटचं सांगा!"

एकतीस वर्षांच्या सेवेनंतर माझी किंमत एका बोनस गुणापेक्षा कमी आहे, हे मला झोपल्याझोपल्या कळलं.

घरी काही सांगायचं नाही असं ठरवून मी आलो, तर व्हिडिओ माझ्याआधी पोचला होता. रुख्मिणी मोबाईल हातात धरून दारातच उभी. तिनं एवढंच विचारलं, "आन् दोन महिन्याआधी जास्वंदीपाशी 'कळ्या पाहून राहिलो' म्हणून बसले होते तुमी, ते बी हेच होतं ना?"

मी कळ्याच पाहत होतो, फक्त जमिनीवर आडवा होऊन. हे मी मनात म्हणालो.

मग तपासण्या सुरू झाल्या. माझी मुलगी प्रणाली अमरावतीला कॉलेजात शिकवते. तिनं तिथल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. वर्षाली यांच्याकडे नेलं. कार्डिओग्राम नीट. सोनोग्राफी नीट. मग चोवीस तास छातीला तारा चिकटवून एक डबी कमरेला बांधली. त्या दिवशी मी हृदयाला चूक करायची प्रत्येक संधी दिली. भर दुपारी गच्चीवर उभा राहिलो. तीन वेळा जिना चढलो. शेजारच्या वामनरावांशी टाकीच्या ओव्हरफ्लोवरून मुद्दाम भांडण काढलं. पण पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखं माझं हृदय दिवसभर शहाण्यासारखं वागलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही दोन महिन्यांतून एकदा पडता. एका दिवसात ते कसं सापडणार? एक उपाय आहे. छातीच्या कातडीखाली एक छोटं यंत्र बसवता येतं. गवारीची शेंग अर्धी मोडली तर जेवढी होईल, तेवढं. तीनेक वर्षं ते तुमच्या हृदयाचे ठोके पाहत राहील."

"त्यानं चक्कर थांबेल?"

"नाही. ते इलाज करत नाही. पुढच्या वेळी पडलात, तर का पडलात ते कळेल."

"म्हणजे मला पुन्हा पडावं लागेल?"

"पडाच असं मी म्हणत नाही," त्या हसल्या. "घाई नाही. घरी बोला, विचार करा. नको वाटलं तरी मला सांगा, आपण नुसती वाट पाहू. निर्णय तुमचा."

निर्णय तुमचा! हजारो निर्णय दिले मी आयुष्यात, पण सगळे दुसऱ्याचे. स्वतःच्या छातीचा निर्णय द्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की मला काही ठरवताच येत नाही. इलाज न करणारं यंत्र अंगात घालून घ्यायचं, आणि मग ते वसूल व्हावं म्हणून पडायची वाट पाहायची! दुसरीकडे, न बसवावं तर पुढची चक्कर कुठे येईल याचा नेम नाही.

कॉलनीनं मात्र आठ दिवसांत निर्णय दिला, आणि तोही एकापेक्षा जास्त. वामनराव कृषी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना माणसाच्या प्रत्येक आजारात कपाशीवरचा रोग दिसतो.

"हे पाहा राजेहो, झाड कोमेजलं तं आपून मुळी पाह्यतो, का खोडात मशीन घालतो? तुमाले पोटाश कमी पडून राहिलं. केळी खा."

मी आठ दिवस केळी खाल्ली. पोट बिघडलं, तर वामनराव म्हणाले, "पाहा, मुळी काम करून राहिली." पलीकडच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी छातीत यंत्र असलं की मिक्सर सुरू असताना स्वयंपाकघरात जाता येत नाही, अशी खात्रीची माहिती दिली. ती ऐकून मी क्षणभर बसवायच्या बाजूला झुकलो होतो.

इकडे रुख्मिणीनं घरात संचारबंदी लावली. स्कूटरची किल्ली तिच्या डब्यात गेली. गच्ची बंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे न्हाणीघराची कडी तिनं काढून घेतली. वर नियम असा, की मी आत असेन तोवर दर दोन मिनिटांनी शिटी वाजवायची. ज्या शिटीनं मी भल्याभल्या खेळाडूंना बाहेर काढलं, ती शिटी मी साबण लावलेल्या अंगानं वाजवत होतो! एकदा तोंडावर साबण होता म्हणून उशीर झाला, तर तिनं दार ढकललंच. मागे वामनराव उभे. ते पेपर मागायला आले होते म्हणे.

"काहून मास्तर," ते म्हणाले, "आत बी सामना चालू हाय काय?"

माणसाला अब्रू नावाची एक गोष्ट असते. ती त्या दिवशी टॉवेलएवढीच उरली होती.

त्यात संघटनेचं पत्र आलं. जिल्हा संघटनेचे सचिव देवराव हे माझे जुने मित्र, पण कागद समोर आला की ते कोणाचेच मित्र नसतात. जानेवारीत अमरावतीला मोठी निमंत्रित स्पर्धा होती. तिथे पंच म्हणून उभं राहायचं तर तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र हवं. मी डॉक्टरांचं पत्र दिलं. देवरावांनी चष्मा वर करून वाचलं.

"इथं 'बेशुद्ध पडण्याचे कारण' असा रकाना हाय, आन् बाईनं लिहेल हाय 'अज्ञात'. अज्ञात चालत नाही, खुशालराव. अज्ञात म्हंजे रकाना रिकामाच झाला."

"अरे, पण त्यांना सापडलंच नाही तर काय लिहितील?"

"कायबी लिव्हा. मलेरिया लिव्हा. पण रोगाचं नाव पाह्यजे. कारण समजलं तं त्याचा इलाज झाला का नाही, हे मी पाहू शकतो. अज्ञाताचा इलाज झाला का नाही, हे मी कुठी पाहू?"

राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. रकाना भरेपर्यंत माझी बदली सत्कार समितीवर झाली. म्हणजे पाहुण्यांसाठी हार आणायचे आणि ते योग्य गळ्यात पडतात की नाही हे पाहायचं. ज्याच्या एका बोटावर सामने फिरायचे, तो आता झेंडू की शेवंती यावर मत देत होता.

आणि या हारांमुळेच गाडी रुळावर आली.

लग्नसराईत ऐन वेळी फुलं मिळत नाहीत, म्हणून दोन महिने आधीच सांगून ठेवायला मी तिवशाला गेलो. एकट्यानं जायला बंदी होती, म्हणून रुख्मिणीनं सोबत वामनरावांना दिलं. तिवशाजवळ मनकर्णाबाईंचा फुलांचा मळा आहे. पासष्टीच्या बाई, डोक्याला पदर घट्ट बांधलेला, हात चालूच. मी अजून हारांची लांबी सांगतोय, तोवर वामनरावांनी माझी सगळी कुंडली मांडून टाकली: तेल्हारा, चप्पल, शेंगेएवढं यंत्र, केळी, न्हाणीघर.

मनकर्णाबाईंनी टोपली खाली ठेवली.

"गवारीच्या शेंगेएवढं मशीन ना? माह्याबी छातीत हाय."

वामनराव नकळत एक पाऊल मागे सरकले. मी बांधावर बसलो.

"दोन वर्सं झाले," बाई म्हणाल्या. "तीन खेपा पडलो होतो मी. दोन खेपा इथं झेंडूत, एक खेप बाजारात. मंग बसवलं."

"मग पुढे काय निघालं?"

"कायबी नाही. तवापासून पडलोच नाही."

"म्हंजे फुकटच गेलं!" वामनराव विजयी सुरात म्हणाले.

"फुकट कावून?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, त्या माझ्याशीच बोलत होत्या. "पह्यले मी सारा दिस वाट पाहो, आता पडतो का मंग पडतो. विहिरीजोळ जायले भेव, रस्ता वलांडाले भेव. आता वाट पाह्याचं काम मशीनकडं देऊन टाकलं. ते वाट पाह्यते, मी फुलं तोडतो."

एवढ्या सोप्या भाषेत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"आनखी एक सांगू का मास्तर? घरचे बी आपल्यावर नजर ठेवतात आन् मशीन बी ठेवते. पन मशीन बोलत नाही."

"तर मग बसवूच म्हणता?"

"मी कावून म्हनू? माह्या नणदेले बी डॉक्टरनं हेच सांगतलं होतं. तिनं नाही बसवलं. छातीत कायतरी हाय, या इचारानंच तिले घाम फुटे. ते बी बरोबरच हाय तिच्या जागी. तुमाले जास्त काय टोचते ते पाहा. मशीन टोचते, का ठाऊक नसनं टोचते?"

हारांची लांबी सांगायची राहूनच गेली. परतीच्या एसटीत वामनराव पोटाशवर बोलत होते आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो. मला काय टोचतं हे मला पक्कं ठाऊक झालं होतं. चौथी, पाचवी, सहावी तपासणी नीट आली तरी मला "अज्ञात" हा शब्द सहन होणार नव्हता. आउट की नॉट आउट, काहीतरी एक सांगा!

घरी येऊन रुख्मिणीला सांगितलं. मला वाटलं ती विरोध करेल. ती तूर निवडत होती, निवडतच राहिली.

"तुमाले वाटते मी शिटी वाजवाले लावतो म्हंजे तुमची फजिती करतो," ती म्हणाली. "दोन शिट्ट्यांच्या मधात मी दाराबाहेर उभी राह्यतो. त्या दोन मिनिटांत माह्यं काय होते, हे तुमाले नाही ठाऊक. बसवून घ्या. माह्यासाठी बसवा."

मी तिच्यासमोर बसलो आणि तूर निवडायला लागलो. बराच वेळ आम्ही दोघंही खडे सोडून चांगले दाणेच बाजूला काढत होतो.

बसवायला गेलो तर यंत्रापेक्षा माझं नावच जड गेलं. आधारकार्डावर मी खुशाल. दवाखान्याच्या फाइलीत खुशालराव. विम्याच्या कागदावर कोणीतरी खुशहाल करून ठेवलेलं. खिडकीवरच्या बाईंनी तिन्ही कागद ओळीनं मांडले.

"यातला पेशंट कोण?"

"तिघंही मीच."

"यंत्र एकच मंजूर आहे."

शेवटी प्रणालीनं अर्ज लिहिला, की वरील तिन्ही इसम एकच असून त्यांचं हृदयही एकच आहे. दुपारी तो मंजूर झाला. त्यानंतरचं काम पंधरा मिनिटांचं. जागा बधिर केली, थोडं दाबल्यासारखं झालं, आणि मी "सुरू करा" म्हणेपर्यंत डॉक्टरीणबाई हातमोजे काढत होत्या. एवढ्यासाठी मी दोन डझन केळी खाल्ली होती.

सोबत एक छोटा रिमोट मिळाला. चक्कर आली की त्याचं बटण दाबायचं, म्हणजे त्या वेळचे ठोके जपून ठेवले जातात. रिमोट अर्थातच रुख्मिणीकडे गेला. चौथ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला.

"काकू, काका बरे आहेत ना? अकरा वेळा बटण दाबलंय."

"दोन खेपा शिंकले," रुख्मिणी म्हणाली, "आन् बाकीच्या खेपा खिडकीबाहेर पाहून उसासे टाकून राहिले होते."

पण कडी परत आली. स्कूटर नाही, तरी कडी आली. आतून दार लावून मी पहिल्यांदा आंघोळ केली, तेव्हा उगाचच बराच वेळ पाणी ओतत बसलो.

नंतर मात्र माझं हृदय परत शहाण्यासारखं वागू लागलं. डिसेंबर गेला. संक्रांत आली. वामनराव रोज फाटकातून विचारायचे, "पडले का?" आणि मी ओशाळून "अजून नाही" म्हणायचो. तब्येत चांगली आहे याची लाज वाटणारा मी कॉलनीतला एकमेव माणूस असेन.

अमरावतीची स्पर्धा उजाडली. मनकर्णाबाईंचे हार आले, चांगले गुडघ्यापर्यंत लांब, कारण मी लांबी सांगितलीच नव्हती. उद्घाटनाला मंचावर पाहुणे, शेजारी देवराव, खाली रुख्मिणी आणि प्रणाली. मी हार उचलला, पाहुण्यांकडे वळलो, दोन पावलं टाकली. इतकंच.

पुढचं प्रणालीनं सांगितलेलं. मी पडता पडता हार देवरावांच्या गळ्यात घातला आणि त्यांना घेऊनच खाली गेलो. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मास्तर सचिवांच्या पाया पडले. रुख्मिणी खुर्च्या ओलांडत मंचावर आली. चार माणसं बाजूला सारून तिनं बटण दाबलं. कोणीतरी चप्पल पुढे केली, तर ती म्हणाली, "ठेवा ते पायात! आमच्याकडं मशीन हाय."

तासाभरात आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर होतो. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. एकामागे एक डोंगरासारखी टोकं जात होती, आणि मग नुसती सरळ रेघ. बरीच लांब. मग पुन्हा टोकं.

"नऊ सेकंद," त्या म्हणाल्या. "नऊ सेकंद तुमचं हृदय थांबलं होतं, काका. उपास नाही, केळी नाही. हे कारण आहे, आणि यावर पक्का इलाज आहे. पेसमेकर."

मला नाचावंसं वाटलं. सापडलं! "पाहा!" म्हणून मी रुख्मिणीकडे वळलो. ती त्या सरळ रेघेकडे बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. मग मीही त्या रेघेकडे नीट पाहिलं. त्या नऊ सेकंदांत मी कुठेच नव्हतो. माझा हात आपसूक तिच्या हातावर गेला. आम्ही दोघं तसेच बसलो, आणि डॉक्टरीणबाईंनी काहीतरी शोधायच्या निमित्तानं कपाटाकडे तोंड केलं.

पाहणारं यंत्र काढून सांभाळणारं बसवलं. महिनाभर डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, त्यामुळे आरशासमोर सराव करताना मी सगळे गुण उजवीकडच्या संघाला देत होतो. डाव्या बाजूच्यांवर त्या महिन्यात फार अन्याय झाला.

मार्चमध्ये प्रमाणपत्र घेऊन देवरावांकडे गेलो. कारणाच्या रकान्यात डॉक्टरीणबाईंनी दीड ओळीचं इंग्रजी लिहिलं होतं. देवरावांनी ते दोनदा वाचायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा अर्ध्यात थांबले, आणि शिक्का मारला.

"याले म्हणतात कारण," ते समाधानानं म्हणाले.

त्याच महिन्यात अकोल्यात अंतिम सामना लागला आणि पंच म्हणून माझं नाव पुकारलं गेलं. मी मैदानात उतरलो तशा टाळ्या झाल्या. मला त्या आवडल्या नाहीत. टाळ्या आजाऱ्याला देतात. पूर्वार्धात मी दोन अवघड निर्णय दिले, तरी कोणी हूं की चूं केलं नाही. खेळाडूसुद्धा "बरोबर हाय सर" म्हणून मागे फिरले. माझ्या छातीचा विचार करून अख्खं मैदान सभ्यपणे वागत होतं. त्याहून मोठा अपमान पंचाला नाही.

शेवटचं मिनिट. एका गुणाचा फरक. चढाईपटू चार जणांच्या पकडीतून झेपावला, बोटं मध्यरेषेवर टेकली की टेकली नाहीत एवढाच प्रश्न. मी अगदी रेषेवर होतो. टेकली होती. मी डावा हात खांद्याच्या वर, कानाच्या वर, जेवढा जाईल तेवढा वर केला. डाव्या संघाला गुण.

मग उजवीकडून पहिला आवाज आला, "ओ मास्तर! छातीत मशीन बसवलं, तसं डोयात बी बसवून घ्या!"

आणि अख्खं मैदान पेटलं. दहा बाजूंनी शिव्या, टोप्या उडाल्या, कोणी मला विकला गेलेला म्हटलं, कोणी आंधळा. त्या गदारोळात बायकांच्या बाजूनं एक ओळखीचा आवाज सगळ्यांच्या वर आला. रुख्मिणी खुर्चीवर उभी होती. सहा महिने ती मला जपत आली होती, माझ्यावर आवाज म्हणून चढवला नव्हता.

"आउट होता तो!" ती माझ्याकडे बोट नाचवत ओरडत होती. "मी माह्या डोयानं पाह्यलं! बोटं टेकलेच नाही! बदलवा निर्णय!"

मी तिच्याकडे पाहिलं, छाती पुढे काढली, आणि निर्णय कायम ठेवला.